शेरा

रत्नव्वा बिराजदार जतच्या प्रयोगशाळेत आली
तेव्हा तिच्या हातात फिनेलची जुनी बाटली होती,
सातदा विसळलेली, असं तिनंच सांगितलं.
कोणत्या पाण्यानं, ते मी विचारलं नाही.

"शाळंतली डाळ शिजंना, बाई.
दोन तास शेगडीवर, तरी दाणा टच्च.
पोरं वरचं पाणी पित्यात, खाली डाळ तशीच.
हेडमास्तर म्हणत्यात, तू गॅस वाचवतीस."

नमुना क्रमांक एकशे सत्त्याहत्तर.
पन्नास मिली, पिपेटनं.
बफर घातलं, अमोनियानं दोघींचे डोळे चुरचुरले.
ती म्हणाली, कांद्यापरास बरं, लवकर सरतं.
मग इरिओक्रोम ब्लॅक टी, चिमूटभर,
तिखट टाकावं तशी अंदाजानं,
आणि पाणी लाल.
पुस्तकात लिहिलंय वाइन रेड.
मी वाइन पाहिलेली नाही.
मला तो डाळिंब सोलल्यावर
नखात राहतो तो रंग वाटतो.

ब्युरेटमध्ये इडीटीए.
कसं सांगायचं? म्हटलं, या रेणूला सहा हात असतात.
"खेकड्यागत?"
हो, खेकड्यागतच.
नांगीत धरलेलं कॅल्शियम मग सुटत नाही.
एका खेकड्याला एकच, दुसऱ्याकडे तो बघत नाही.
किती खेकडे सोडले ते मोजलं
की पाण्यात किती दगड विरघळलाय ते कळतं.
"दगड?"
तिनं बाटली उजेडात धरली.
पाणी नितळ होतं. घोटाळा तोच तर आहे.

तेवढ्यात वीज गेली.
स्टँडसकट सगळं पश्चिमेच्या खिडकीत नेलं,
खाली पांढरी फरशी सरकवली.
पंचवीस मिली गेले, लाल ढिम्म हलत नाही.
तीस. थेंब पडतो तिथं निळसर ठिपका,
हलवलं की विरतो.
होनमोरे सर म्हणायचे, इथं हात आखडा,
शेवटचा थेंब शेवटचा होता
हे तो पडून गेल्यावरच कळतं.
मला आणखी उशिरा कळलं: एकतीस पूर्णांक नऊ.
बोलत बसले होते, चूक माझी. ओतून दिलं.

दुसऱ्यांदा दोघी गप्प.
थेंब. हलव.
थेंब. हलव.
मॅग्नेशियम रंगाच्या मुठीत सैलच असतं,
सगळ्यांच्या मागून तेही नांगीत जातं,
आणि रंगाच्या हाती काही उरत नाही.
तेव्हा तो निळा होतो.
हळूहळू नाही. निळीत बुडवलेल्या पंचासारखा, एकदम.
रत्नव्वा "अगं बया" म्हणाली,
मग कानडीत आणखी काहीतरी, जे मला समजलं नाही.

एकतीस पूर्णांक दोन.
तिसऱ्यांदाही दोनच.
गुणिले वीस, सहाशे चोवीस.
मर्यादा सहाशेची,
तीही दुसरं पाणी मिळतच नसेल तर.

"मंजे चूक माझी न्हाई?"

अहवालाच्या छापील कागदावर रकाने आहेत:
गढूळपणा, क्लोराइड, एकूण काठिण्य, शेरा.
शेऱ्यात मी वर्षानुवर्षं 'अयोग्य' लिहिते.
तो शब्द कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन पडतो
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

'पिण्यास अयोग्य' लिहिलं. पेन तसंच धरून ठेवलं.
मग त्याच शाईनं, खाली, जरा बारीक अक्षरात:
या पाण्यात डाळ नीट शिजणार नाही.
स्वयंपाकिणीचा दोष नाही.
सही. शिक्का.

सोमवारी साहेब विचारतील, हे कोणत्या मानकात बसतं.
ती कागद दोनदा घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवते,
बाटली परत मागून घेते,
पाचची एसटी आहे.

मी कोनिकल धुवायला घेते.
आमच्या नळाचंही पाणी त्याच दगडातलं,
वाळलं की काचेवर पांढरं कडं धरतं.
म्हणून शेवटचा हात डिस्टिल्डचा.
कॅनमध्ये दोन लिटर उरलंय.
पुढचं कधी येईल, सांगता येत नाही.